तळघरातली हाक

“चपला हितंच काढा,” मुतगेकर म्हणाले आणि स्वतःही अनवाणी होऊन पहिल्या पायरीशी थांबले. मग खाली तोंड करून, घरात शिरताना आतल्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, “आलो गं.”

खालून कुणाचं उत्तर आलं नाही. जयवंतनं माझ्याकडे बघून डोळा मारला.

दुपारचे दोन वाजत आले होते. बेंगळुरूच्या एका टोकाला, जुन्या कारखान्यांच्या वस्तीत, एकेकाळी जिथं बर्फ तयार व्हायचा अशा इमारतीत आम्ही उभे होतो. बाहेर लख्ख ऊन होतं. आत मात्र भिंतींना घाम सुटलेला. समोर बारा पायऱ्या खाली उतरत होत्या आणि तळाशी सहा टाक्या ओळीनं उभ्या होत्या. छताजवळच्या काचांमधून त्या पायऱ्यांवर उजेडाचा एक मोठा पट्टा पडला होता.

जयवंत बोरस्ते आणि मी पिंपळगावच्या शाळेत एका बाकावर बसलेलो. त्याची द्राक्षाची बाग, माझं अंबडला स्टीलच्या टाक्यांचं वर्कशॉप. वायनरीवाल्यांना टाक्या मी द्यायचो आणि जयवंत त्यांना द्राक्षं द्यायचा. पण त्याच्या डोक्यात वेगळंच होतं. नाशिकला स्वतःची बीअर काढायची, मोठ्या कंपनीसारखी नाही, हातानं केलेली, थोडीशी. त्यासाठी बेंगळुरूला जाऊन सगळं डोळ्यांनी बघायचं, चाखायचं, असं त्यानं ठरवलं आणि मला बरोबर घेतलं. “मी बीअर बघतो, तू टाक्या बघ,” म्हणाला.

दोन दिवस आम्ही तेच केलं. एका गच्चीवरच्या ठिकाणी लाकडी फळीवर सहा छोटे ग्लास मांडून दिले, त्यातल्या गव्हाच्या बीअरला चक्क पिकल्या केळ्याचा वास. दुसरीकडे एका मोठ्या झाडाखाली टेबलं टाकलेली होती आणि तिथं आंब्याची बीअर होती. ती जयवंतनं एक घोट घेऊन बाजूला सारली. “सरबत आहे,” म्हणाला. तो वहीत लिहायचा आणि मी काचेपलीकडच्या टाक्यांचे जोड निरखायचो. संध्याकाळी मालक, वाढणारे, शेजारच्या टेबलावरचे, सगळ्यांशी त्याच्या गप्पा. माणसं त्याच्याशी लगेच बोलायची.

तिसऱ्या बारमध्ये काउंटरवरच्या मुलीनं त्याला विचारलं, “नाचणीची प्यायलात? इथली नाही. मुतगेकरांची.” तिनं पत्ता कागदावर लिहून दिला आणि वर म्हणाली, “दुपारीच जा. तिन्हीसांजेनंतर ते कुणाला आत घेत नाहीत.”

मुतगेकर साठीचे, बारीक, पांढऱ्या मिशांचे. नाशिकचे म्हटल्यावर त्यांनी एकदम मराठीच सुरू केली. “या की ओ. मी बेळगावचा. हितं येऊन तीस वरसं झाली. मराठी बोलायला मानूस मिळत न्हाई.” वरच्या खोलीत त्यांनी आम्हाला बीअर दिली. काळसर, फेस अगदी कमी. मी एक घोट घेतला आणि तव्यावरून नुकतीच उतरलेली भाकरी डोळ्यांसमोर आली. जयवंतनं ग्लास खाली ठेवला आणि उघडलेली वही मिटली.

“हे कसं केलं, काका?”

“ते खाली हाय,” मुतगेकर म्हणाले. “दाखवतो. सांगनार न्हाई.”

म्हणून आम्ही त्या पायऱ्यांपाशी आलो होतो.

उतरताना मुतगेकरांनी खालून तिसऱ्या पायरीवर कोनाड्यात ठेवलेली पणती काडी ओढून लावली. जयवंतनं विचारलं, “कुठल्या देवाची?”

“देवाची न्हाई. हितल्या बाईची.”

“कोण बाई?”

“हाय एक,” म्हणाले आणि पुढे झाले.

खाली फरशी ओली होती आणि विलक्षण स्वच्छ. कोपऱ्याकोपऱ्यातून घासलेली. टाक्यांच्या माथ्यावरून निघालेल्या रबरी नळ्या पाण्याच्या बादल्यांत सोडलेल्या होत्या आणि त्यांतून बुडबुडे येत होते. गुडगुड, थांबणं, पुन्हा गुडगुड. सहा बादल्यांचा मिळून असा आवाज होत होता की पलीकडच्या खोलीत बायका हलक्या आवाजात बोलताहेत असं वाटावं. शब्द कळणार नाहीत, पण सूर कळेल. आणि त्यातच दुसरा एक आवाज. सर्र, सर्र. ओल्या फरशीवर ताठ ब्रश घासावा तसा.

“कुणी काम करतंय का मागे?” मी विचारलं.

“आज सुट्टी हाय. कुनी न्हाई.”

“मग फरशी?”

“धुतली जाते,” मुतगेकर म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी बोटाच्या पेरानं एक टाकी वाजवून पाहिली, केवळ काहीतरी ओळखीचा आवाज कानावर पडावा म्हणून. जयवंत मात्र चौथ्या टाकीपाशी खिळला होता. तिच्यावर तारेनं एक पाटी टांगलेली होती आणि पाटीवर खडूनं कानडीत आठ-दहा ओळी. आकडे तेवढे आम्हाला वाचता येत होते. मुतगेकरांनी पुढे होऊन पाटी उलटी केली. “ते तेवढं न्हाई, साहेब,” म्हणाले. रागानं नाही, पण ठाम.

तेवढ्यात वीज गेली. भिंतीतला मोठा पंखा इतका वेळ घरघरत होता हे तो थांबल्यावर कळलं.

“चला. वर चला आता,” मुतगेकर म्हणाले आणि आम्हाला अक्षरशः पुढे घालून पायऱ्या चढायला लावल्या. वर आलो तर फाटकाशी ट्रक हॉर्न देत होता. सातूची पोती आली होती. जाता जाता ते वळले. “हितंच बसा. जनरेटर लावतो नि येतो. आनि एक सांगतो, दिवा गेला की खाली कुनी उतरायचं न्हाई. तिची येळ असते ती.”

ते गेले. आम्ही दोघं वरच्या पायरीवर बसलो. खाली पणती दिसत होती. वारा कुठूनच नव्हता. तरी ज्योत आधी पिवळी, मग निळसर, मग अगदी बुटकी झाली आणि कुणी चिमटीत धरावी तशी विझली. धुराची एक रेघ आडवी पसरली. वर आली नाही.

“विझली बघ,” मी म्हणालो.

“तेल संपलं असेल.” जयवंत उठून उभा राहिला होता. तो खालच्या पाटीकडे बघत होता. “दिगू, एक फोटो मिळाला ना... कानडी वाचून घेऊ कुणाकडून तरी.”

त्यानं विचारलं नव्हतं. नुसतं म्हणाला होता. मी नको म्हटलं असतं तर तो बसला असता, हे मला आजही ठाऊक आहे.

“जा,” मी म्हणालो. “पटकन काढून ये. मी बघतो इथं.”

टाकीत उतरून मेलेल्या माणसांच्या गोष्टी माझ्या धंद्यात सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. दारू आंबते तेव्हा गॅस सुटतो, तो जड असतो, खाली पाण्यासारखा साचतो, त्याला रंग नाही, रूप नाही. मीच दोनदा माझ्या पोरांना हे समजावून सांगितलं होतं. त्या क्षणी मला त्यातलं काहीही आठवलं नाही.

जयवंत उतरला. विझलेली पणती ओलांडून गेला. चौथ्या टाकीपाशी जाऊन त्यानं पाटी सरळ केली, मोबाइल धरला. मग नाकाला काही झोंबावं तसा त्यानं हात नाकाशी नेला. मोबाइल खाली पडला. तो उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग हळूच, दमलेला माणूस ओट्यावर टेकतो तसा, टाकीला पाठ लावून खाली बसला.

“जय्या?”

त्यानं मान वर केली. डोळे उघडे होते. तो माझ्याकडेच बघत होता.

मी उठलो. एक पायरी उतरलो, दुसरी उतरलो. आणि कुणीतरी मला धरलं.

डाव्या दंडाला, कोपराच्या वर. पाच बोटं. गार, ओलसर, आणि जोर असा की शर्ट कातडीत रुतला. मला वाटलं, मुतगेकर. पण मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. मी पुढे जोर केला, की केला नाही, देव जाणे. ओरडावं म्हटलं तर घशातून आवाज फुटेना. खालून ब्रशचा आवाज येत होता, सर्र, सर्र, आणि तोही एकाएकी थांबला. जयवंतची मान एका बाजूला वळली, शेजारी कुणी बसलंय नि त्याच्याकडे बघावं तशी.

मग मुतगेकर धावत आले. बाजूनं. फाटकाकडच्या दारातून. ते माझ्या मागे नव्हतेच. त्यांच्यामागून दोन हमाल. जनरेटर धडधडला, पंखा फिरू लागला. मुतगेकरांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला लांब नळीचा मास्क तोंडाला लावला, कमरेला दोर बांधून दोराचं टोक हमालांच्या हातात दिलं आणि मला खांद्यानं बाजूला ढकलून ते खाली गेले. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. जयवंतला वर आणलं तेव्हा त्याचे ओठ जांभळे झाले होते.

माझ्या दंडावर कुणाचाही हात नव्हता. कधी सुटला तेही मला कळलं नव्हतं.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मुतगेकर माझ्या शेजारी बसले होते. पायात चपला नव्हत्या, घालायच्या राहूनच गेल्या होत्या. डॉक्टरनं सांगितलं होतं की आणखी थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

“तुम्ही टाक्या बनवनारे,” मुतगेकर म्हणाले. “तुमाला गॅसचं सांगायला पायजे, हे माज्या ध्यानातच आलं न्हाई.”

मी डावा दंड चोळत होतो.

“गंगव्वा म्हनून बाई होती आमच्याकडं. पैल्या वरसाची गोष्ट. टाक्या धुवायची, फरशी घासायची. तवा पंखाबिंखा काय नव्हता. खाली गेली, पडली. नवऱ्यानं वरनं बघितलं आनि धावला. तोबी पडला. त्याला काढायला दीर गेला.” त्यांनी तीन बोटं दाखवली आणि हात मांडीवर ठेवला. “तवापासनं दिवा लावतो. दिवा जगला तर मानूस जगतो. लोक म्हनतात मुतगेकर भुताला भितो. म्हनू देत. गॅस म्हटलं की कामगार हसतात, बाई म्हटलं की ऐकतात.”

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “तुम्ही का उतरला न्हाई?”

“कुणीतरी धरलं मला,” असं ओठांवर आलं होतं. पण मी म्हणालो, “माहीत नाही.”

मुतगेकर मान हलवून म्हणाले, “बरं झालं. न्हाईतर दोन काढावे लागले असते.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं जयवंतची बायको, शैलजावहिनी आल्या. जयवंत अजून आतच होता. वहिनींनी विचारलं, कसं कळलं, कुणी बघितलं, आणि मुतगेकर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “हाक ऐकू आली म्हनून मी धावलो, ताई. हे होते ना तिथं.”

वहिनी खाली वाकल्या आणि मी मागे सरायच्या आत त्यांनी माझ्या पायांना हात लावला. मला म्हणायचं होतं, वहिनी, मी हाक मारली नाही. पण त्या रडत होत्या. आधी जयवंत शुद्धीवर येऊ दे, मग सांगू, असं मी मनाशी म्हटलं. तो तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला. मग म्हटलं, घरी पोचू दे. घरी पोचला, तर सगळं पिंपळगाव मला भेटायला आलं.

जयवंतच्या उजव्या हाताची बोटं वर्षभर थरथरत होती. तीही बरी झाली. दोन वर्षांनी त्यानं गंगापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला जागा घेऊन बीअर सुरू केलीच. टाक्या सगळ्या मी बनवल्या. तळघर नाही, जमिनीखाली एक इंचसुद्धा काही नाही, दोन बाजूंना पंखे. नाचणीची बीअर त्यानं कधीच काढली नाही. आणि त्या दुपारबद्दल तो माझ्याशी अवाक्षरही बोलला नाही. मला वाटायचं, त्याला आठवतच नसेल. डॉक्टरही तसंच म्हणाले होते. आणि खरं सांगायचं तर, आठवत नाही हे माझ्या सोयीचंच होतं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये पुण्याहून चारपाच तरुण मुलंमुली तिथं आली होती, आम्ही बेंगळुरूत हिंडलो होतो तशीच वही घेऊन. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. वहिनींनी त्यांना सगळं फिरवून दाखवलं आणि मग नेहमीसारखं सांगितलं, की हे टाकीपाशी बेशुद्ध पडले होते आणि आमच्या या दिगूभाऊजींनी वेळेवर हाक मारली, म्हणून हे सगळं उभं आहे. मुलांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. एकीनं तर फोटो काढला.

ती मुलं गेली, वहिनी त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेल्या. जयवंत नळाखाली ग्लास विसळत होता. पाठमोराच म्हणाला, “तुझं तोंड मिटलेलं होतं, दिगू.”

मला लगेच कळलं. तरी मी म्हणालो, “कधी?”

“मी बघत होतो तुझ्याकडे. हलता येत नव्हतं, पण दिसत सगळं होतं. तू हाक मारली नाहीस.”

नळ चालूच होता. त्यानं तो बंद केला.

“मला कुणीतरी धरलं होतं,” मी म्हणालो. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होतो. “मागून. या दंडाला. तुझी शपथ, जय्या, मी दोन पायऱ्या उतरलो होतो...”

“मागे कुणी नव्हतं.” त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकणं जास्त अवघड गेलं. “वरच्या काचांचा सगळा उजेड तुझ्या अंगावर होता. डावा दंड तूच धरला होतास, उजव्या हातानं. घट्ट. मला वाटलं, याला थंडी वाजतेय की काय.”

मी खुर्चीवर बसलो. माझा उजवा हात टेबलावर होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि तो मांडीवर घेतला.

“इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“तू सांगशील म्हणून थांबलो होतो.” ग्लास पुसून तो एकेक करून फळीवर पालथे घालत होता. “आज ती मुलगी फोटो काढायला लागली, तेव्हा वाटलं, आता नाही सांगणार हा.”

फाटकाकडून वहिनींच्या हसण्याचा आवाज आला. मी विचारलं, “मग मुतगेकर कुणाची हाक ऐकून आले?”

जयवंत माझ्यासमोर येऊन बसला.

“माझ्या शेजारून आली. अगदी कानाशी. एक बाई फरशी घासत बसली होती, पदर खोचलेला, हातात ब्रश. मी पडल्याचं तिला काहीच वाटलं नाही. बघितलंसुद्धा नाही माझ्याकडे. तू पायरीवर उभा राहिलास, तेव्हा तिनं ब्रश टाकला आणि मान वर करून ओरडली. ‘बरबेड! बरबेड!’ असा आवाज मी कधी ऐकला नाही, दिगू. घरातलं कुणी विहिरीत उडी मारायला निघालं असावं, तसा.”

“म्हणजे काय?”

“मलाही माहीत नव्हतं. घरी आल्यावर मुतगेकरांना फोन करून विचारलं. आधी अर्थ सांगितला. मग म्हणाले, मी पण तेच ऐकलं. मी विचारलं, मग तुम्ही दिगूचं नाव का सांगितलं? तर म्हणाले, तुमच्या बायकोला दुसरं कुणाचं सांगनार होतो?”

“पण अर्थ काय त्याचा?”

“येऊ नको.”

वहिनींची पावलं जवळ येत होती. जयवंतनं आवाज खाली केला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या दुपारी पाहिलं होतं तसंच, खालून वर.

“तिला वाटलं, तू येतोयस.”